बिनधुराची दारू

कासम, काल क्लबात तुझ्यासाठी मौन पाळलं. मेजरसाहेबांनी घड्याळाकडे बघून ते सुरू केलं आणि घड्याळाकडे बघूनच संपवलं. मग भाषण झालं. त्यात तुझं नाव दोनदा आलं, एकदा कासिम आणि एकदा करीम. 'आखातातली सर्वांत स्वच्छ शूटिंग रेंज' हे शब्द मात्र चुकले नाहीत. सभासदांच्या पिस्तुलांची रिकामी काडतुसं तू इतकी वर्षं पुन्हा भरत आलास, म्हणून तुझ्या नावाची पितळी पाटी करायचं ठरलं. ती कुठे लावायची यावर जेवढी चर्चा झाली तेवढी तुझ्या आजारपणावर कधी झाली नव्हती. शेवटी कुणीतरी सुचवलं, रेंजच्या मागच्या भिंतीवर, जिथे पूर्वी पंखा होता तिथे.

मी हसलो. शेजारच्या गोऱ्या बाईंनी अशा नजरेने पाहिलं, जणू आमच्या लोकांत शोक बहुधा असाच करत असावेत.

हसलो, कारण त्या पंख्यावरून आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू जाऊन आठवडाही झाला नाही आणि मी ते एकट्याने पुढे चालवतोय. एकट्याने भांडणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तू समोर असलास की तुझं चुकतंय हे मला स्वच्छ दिसायचं. आता तुझ्या बाजूनेही मलाच बोलावं लागतं, आणि तुझी बाजू मी समजत होतो तितकी कच्ची नाही.

तू आलास तो ड्रायव्हर म्हणून. तेलाचा भाव चढला होता, मनामा शहरात जिकडेतिकडे नव्या इमारती उठत होत्या, आणि बँकांच्या व कंपन्यांच्या साहेबांना सुट्टीच्या दिवशी करायला काहीतरी हवं होतं. त्यांनी अदलिया वस्तीच्या पलीकडे एक बंदिस्त, थंडगार रेंज बांधली, कारण इथल्या उन्हाळ्यात बाहेर पिस्तूल हातात धरवत नाही. मी तिथला कारकून. वर्गणी, बारची बिलं, सभांची इतिवृत्तं. मेजरसाहेब सेक्रेटरी. ते फौजेत कोठारावर होते, ब्लँकेटं आणि बूट यांची देखभाल करायचे, हे आपल्याला फार नंतर कळलं. पण मेजरपणात त्यांनी कधी कसर ठेवली नाही.

पहिल्याच दिवशी तू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिलास.

'कुठला?'

'पेणचा.'

'म्हणजे गणपतीवाला. मी गुहागरच्या अलीकडचा, खाडीवरचा. काय वाचतोस?'

'पुस्तक.'

'कोर्टाचं?'

'नाही रे, साधं.'

'मग तोंड कशाला एवढं पाडलंस, वकिलासारखं?'

तेव्हापासून मी वकील. क्लबातल्या हिंदुस्थानी लोकांपैकी निम्म्यांना माझं खरं नाव आजही ठाऊक नसेल.

भरलेली काडतुसं जहाजाने यायची आणि परवान्यांच्या फेऱ्यात बंदरावरच पडून राहायची. म्हणून मेजरसाहेबांनी ठरवलं, रिकाम्या पुंगळ्या फेकायच्या नाहीत, इथेच पुन्हा भरायच्या. यंत्र आणलं. बंदुकीतलं कोणाला कळतं, असं त्यांनी नोकरांना विचारलं तेव्हा तू हात वर केलास. 'माय फादर, गन मास्टर.' तुझ्या बापाकडे भाताच्या खाचरातली डुकरं हाकायला परवान्याची ठासणीची बंदूक होती, तेवढ्यावर तू त्याला मास्टर करून टाकलंस. मला ते आवडलं. ज्या क्लबात कोठाराचा माणूस मेजर होतो तिथे डुकरं हाकणारा मास्टर व्हायला काय हरकत होती.

बापाच्या त्या बंदुकीची गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मला ती माझ्याच गावात घडल्यासारखी दिसते. काळी दारू ठासायची, बार काढायचा, आणि कापसाच्या गंजीएवढा धूर उठायचा. तो विरेपर्यंत डुक्कर पडलं की पळालं हे कळायचं नाही. बाप खोकून खोकून गेला. गावाने टीबी म्हटलं, तू धूर म्हटलंस.

'दारूत धूर जेवढा, तेवढं मरण. एवढंच शास्त्र हाय वकिला. बाकी तुझी पुस्तकं.'

दारू म्हणजे बंदुकीची. वरच्या मजल्यावर बारमध्ये दुसरी मिळायची. तिचा हिशेब माझ्याकडे होता, आणि माणसं तिनेच जास्त जायबंदी होत.

मग तो पांढरा सूट आला. वार्षिक सामन्याला लंडनहून कुठल्याशा बँकेचे संचालक प्रमुख पाहुणे म्हणून आले. लाल गालिचा, फुलं, मेजरसाहेबांच्या छातीवर पदकं. पाहुण्यांनी मानाचे पाच बार काढले आणि वळले, तर सुटाच्या दोन्ही बाह्या तिळकूट शिंपडल्यासारख्या झालेल्या. पाहुण्याला झटका बसू नये म्हणून तू त्यांची काडतुसं मुद्दाम हलकी भरली होतीस. हलक्या भरणीत ती जुनी दारू अर्धीच जळली आणि उरलेले कण नळीतून बाहेर उडाले. संचालक हसले. मेजरसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: पुढच्या सामन्याआधी स्वच्छ जळणारी दारू शोधा.

त्या शोधात तू जसा दिसायचास तसाच मला आठवत राहावास असं वाटतं. मेजरसाहेबांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे मागवले. तू रेंजवर पांढरी चादर टांगलीस, तिच्यापासून हातभर अंतरावरून बार काढायचास आणि मग चादर खिडकीशी नेऊन नाक लावून डाग बघायचास. पडदे निवडणाऱ्या बाईसारखा. एका दारूने चादर तपकिरी व्हायची. दुसरीने काजळी धरायची नाही, पण न जळलेले पिवळे दाणे पिस्तुलाच्या सांध्यात जाऊन बसायचे. तिसरी भरपूर भरली की स्वच्छ आणि हलकी भरली की घाण.

'आळशी हाय,' तू म्हणायचास. 'नळी आखूड, हिला पेटायलाच वेळ लागतो. पेटेपर्यंत गोळी घराबाहेर. मला घाईवाली पायजे.'

घाईवाली सापडली. चिमूटभर पुरायची आणि हलक्या भरणीतही पुरती जळायची. पण चिमूटभरच असल्यामुळे पुंगळीत ती दिसायची नाही. चुकून एकीत दोनदा पडली तर वरून कळणार नाही आणि पिस्तूल हातात फुटेल. म्हणून तू नियम केलास. भरलेल्या पुंगळ्या रांगेत उभ्या करायच्या आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकवायचं. त्या वेळी कुणी बोललेलं तुला चालायचं नाही. एकदा मेजरसाहेब बोलले, तर तू मान वर न करता 'मफी टॉक', म्हणजे बोलणं बंद, म्हणालास आणि ते खरोखर गप्प बसले. तू भरलेल्या काडतुसाने एकही पिस्तूल कधी फुटलं नाही.

तरीही धूर थोडा राहिलाच. तू महिनाभर डोकं धरून बसलास. मग तुझ्या लक्षात आलं की तो दारूचा नाहीच. गोळ्या तू स्वतः ओतायचास. तुबलीच्या गॅरेजांतून चाकांना लावायची शिशाची वजनं आणायची, मागच्या खोलीत गॅसवर वितळवायची, साच्यात ओतायची आणि गोळीला मेण लावायचं. ते मेण जळत होतं. तू मेण बदललंस, तेही अगदी पुसटसं लावायला लागलास. त्या दिवशी तू मला ऑफिसातून हाताला धरून नेलंस, ओळीने बार काढलेस, आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाचं लक्ष्य काचेतून बघावं तसं दिसलं.

'बोल वकिला. हाय काय अख्ख्या आखातात?'

मी म्हणालो, नाही. तुझा चेहरा बघून दुसरं काही म्हणवलं नसतं, आणि ते खरंही होतं.

पुढच्या सामन्याला तीच घाईवाली होती. पाहुण्यांच्या बाह्या कोऱ्या राहिल्या. आणि त्याच समारंभात मेजरसाहेबांना शोध लागला की मागच्या भिंतीतल्या मोठ्या पंख्याच्या घरघरीने भाषणं ऐकू येत नाहीत. शिवाय तो हॉलमधला गारवा बाहेर फेकतो. आणि धूरच उरला नाही, तर पंखा हवाच कशाला? ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मीच लिहिलं. पंखा काढला, भोक विटांनी बुजवलं, वर सफेदी केली. तू मिस्त्रीला सिमेंट कालवून दिलंस आणि दिवसभर शीळ घालत होतास. तुझ्या दारूचा तो सन्मान होता.

इथून आपलं भांडण. क्लबात येणाऱ्या इंग्रजी मासिकांतलं एक मी वाचलं होतं. बंदिस्त रेंजवर काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसं सापडतं, असं त्यात होतं. गोळीच्या बुडाचं शिसं उडतं, पुंगळीच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतलं उडतं, वितळवताना उडतं. ते दिसत नाही. दारू कितीही स्वच्छ जळो, शिसं तिथेच राहतं, आणि धूर नाही म्हटल्यावर कोणी तोंड फिरवत नाही, कोणी दार उघडत नाही. मी तुला शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं.

'हे लिवणारा रेंजवर बसलाय काय कधी?'

'ते डॉक्टर आहेत.'

'मग डॉक्टरला सांग, माझा बाप ज्यात मेला तो धूर मी बघितलाय. पांढरा, हा एवढा. इथे काय हाय? दाखव ना. बोट लावून दाखव.'

'दिसत नाही म्हणूनच तर—'

'दिसत नाय, वास नाय, पण हाय. वकिला, तू देव मानत नायस ना? मग हे कसं मानतोस?'

यावर मला हसू आलं, आणि हसलो की मी हरायचो. कमिटीला मी रीतसर टिपण दिलं. 'नोंद घेतली' असा शेरा घेऊन ते परत आलं.

मग हळूहळू तुझा चहा बिघडला. प्रत्येक चहाला पितळी गिलासाची चव येते म्हणायचास. खारं पाणी, दुसरं काय. म्हणून तू गोड्या पाण्याचे कॅन आणायला लागलास. पोटात मुरडा यायचा आणि दिवसदिवस शौचाला व्हायचं नाही. तू म्हणालास, इथली रोटी, हा खबूस. साफी मासे आणून, घरून आलेली आमसुलं टाकून तू शुक्रवारी कालवण करायचास, ते तुला स्वतःलाच जाईना. यंत्राचा दांडा ओढताना मनगट लटकायला लागलं. म्हणालास, वय. मासिकात लिहिलेली हिरडीवरची निळसर रेघ दिसली ती मला. तुला आरशात दिसली नाही, की दिसूनही तू पाहिली नाहीस, ते आता कळायचं नाही.

एव्हाना तू युसूफला आणलं होतंस. धाकटा भाऊ, क्लबच्याच व्हिसावर, तुझ्या जुन्या ड्रायव्हरकीच्या जागेवर. तो व्हॅन धूत होता आणि आपण सावलीत बसलो होतो, तेव्हा मी म्हणालो, 'रक्त तपासून घे. एकदाच.'

'आणि शिसं निघालं तर?'

'औषधं देतील. हे काम सोडावं लागेल.'

'काम सोडलं की व्हिसा?'

मी युसूफकडे बघितलं.

'खलास. माझा खलास, आणि उद्या ह्याचाही. आजारी माणसाच्या भावाला कोण ठेवतो? आता दुसरं सांग. नाय निघालं तर?'

'तर मी चुकलो.'

'म्हणजे निघालं तर मी बुडालो, आणि नाय निघालं तर तू फकत भांडण हरलास. ह्यात माझा फायदा कुठे हाय ते दाखव. वकील हायस ना.'

मी आजही दाखवू शकत नाही. मी एवढी पुस्तकं वाचली, माणसाच्या जिवाला किंमत नसते असं ज्यांत लिहिलंय तीही आणि असते असं लिहिलंय तीही, पण तुझ्या त्या हिशेबाची चूक मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. चूक एकच होती, की हिशेब मांडणारा मरणार होता. तेही तू धरलं होतंस, असं मला हल्ली वाटतं.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. माझी आई गेली त्या वर्षी मला रजा मिळाली नाही; क्लबचा हिशेब तपासायला माणसं येणार होती. तार हातात घेऊन मी बसलो होतो आणि तू काही न विचारता व्हॅन काढलीस. 'तुमच्यात पाणी लागतं ना? आणि तीळ?' बाजारातून तीळ घेतलेस, अस्करच्या पुढे, ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या चिमण्या ओलांडून, एका ओसाड किनाऱ्यावर मला उतरवलंस. मला मंत्र धड येत नव्हते. मी पाण्यात उभा राहून आईचं नाव घेतलं आणि तीळ सोडले. तू सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून उभा होतास, दुसऱ्याच्या घरात बायका असल्या की पुरुष उभा राहतो तसा. नंतर म्हणालास, 'झालं? यल्ला, चल, मला भूक लागली.' मी ज्या गोष्टी मानत नाही त्यांपैकी ही एकच मी पूर्णपणे केली, आणि ती तुझ्यामुळे. आभार मानले असते तर तू शिवी दिली असतीस. आता देऊ शकत नाहीस, म्हणून मानतो.

इस्पितळात तू सुजला होतास. किडनी गेली, प्रेशर वाढलं, असं डॉक्टर म्हणाले. मी शिशाचं विचारलं. ते तरुण आणि दमलेले होते. म्हणाले, आता तपासून काय फरक पडणार? तेही खरंच. त्यामुळे माझ्याकडे पुरावा नाही, कासम. मासिक आहे, निळी रेघ आहे, बाकी काही नाही. तू कशाने गेलास हे कोणत्याही कागदावर येणार नाही आणि मी बरोबर होतो हे मला कधीच कळणार नाही. मला तसं कळायलाही नको आहे. तू चुकला नव्हतास, खारं पाणीच होतं, असं कोणी सिद्ध केलं तर मी त्याच्या पाया पडेन.

शेवटच्या भेटीत तू विचारलंस, 'मी नसताना धूर झाला काय रेंजवर?'

'नाही.'

'बघ,' म्हणालास.

भाषणात शोभला असता असा हा शेवट. पण त्यानंतर तू नर्सकडे पाणी मागितलंस, तिने घोटभरच दिलं, आणि तू तिच्यावर चिडलास. मला तेवढंच बरं वाटलं.

मातीला मी आलो होतो. खडकाळ, कोरडी जमीन. तुझ्या लोकांनी मला मूठ टाकायला पुढे केलं. युसूफ माझ्या शेजारी होता. रडला नाही, मान खाली घालून माझ्या मुठीकडे बघत राहिला.

कालच्या मौनानंतर मेजरसाहेबांनी दुसरी घोषणा केली. क्लब आपल्या माणसांना विसरत नाही. कासमची जागा त्याच्या भावाला. टाळ्या झाल्या. युसूफने छातीवर हात ठेवून मान लववली. तुझ्या घरी तार गेली असेल, आणि तुझी बायको क्लबला दुवा देत असेल.

आज सकाळी मी मागच्या खोलीत गेलो. गॅसवर शिसं वितळत होतं. युसूफ तुझ्याच स्टुलावर बसून पुंगळ्या रांगेत लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. शिसं, पंखा, तुझं मनगट, तुझ्या हिरड्या, मासिकातलं सगळं. तो ऐकतो, कासम. तुझ्यासारखा मधे तोंड घालत नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

'हे भाईला माहीत होतं?'

'मी सांगितलं होतं.'

'मग भाई का नाय उठला हितून?'

तू व्हिसाचं काय म्हणाला होतास ते मी सांगितलं. तुझ्या बाजूने आता मलाच बोलावं लागतं.

त्याने हातातली पुंगळी रांगेत उभी केली. मग म्हणाला, 'आता तर भाईची पोरंपण माझ्यावर हायत, वकीलभाई.'

'निदान खिडकी तरी उघडून बस.'

'मेजरसाहेबांनी बंद ठेवायला सांगितलीय. वाळू येते.' त्याने टॉर्च उचलला, पहिल्या पुंगळीत डोकावला आणि मान वर न करता म्हणाला, 'जाताना दार लावून घ्या. गारवा जातो.'

मी दार उघडंच ठेवून निघालो. कॉरिडॉरच्या टोकाला पोचेपर्यंत मागे ते लागल्याचा आवाज आला.